नवरस आणि नवरात्र यांच्या मधलं कार्ड

“गुप्तरोग, कारणे व उपचार! कुणाचं आहे? पुढे या!”

काउंटरवरून सामंतांनी आवाज दिला आणि वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या. खिडकीजवळचे एक गृहस्थ अर्धवट उठले, टोपी सारखी केली आणि काउंटरकडे न जाता सरळ जिना उतरून गेले. पुस्तक सामंतांच्या हातातच राहिलं. त्याच वेळी कार्डांच्या कपाटापाशी एक बाई उभी होती. तिने उघडलेला ड्रॉवर हळूच आत ढकलला, पर्स काखेत घट्ट धरली आणि तीही गेली.

मी हे माझ्या खोलीच्या काचेआडून पाहत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गिरगावात ठाकुरद्वाराच्या बाजूला असलेल्या एका वाचनालयात मी कॅटलॉगर होते. वाचकांना पुस्तकांच्या कपाटांपाशी जायची बंदी होती. कार्डावरून नंबर आणि नाव चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठी काउंटरवर द्यायची. मग सामंत ती मोठ्याने वाचायचे, म्हणजे आतल्या शिपायाला ऐकू जाईल. पुस्तक बाहेर आलं की पुन्हा एकदा नावाचा पुकारा. सामंत माणूस भला होता, पण हौशी नाटकांत कामं करायचा. प्रेक्षक समोर असताना हळू बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

कॅटलॉगर म्हणजे काय, हे माझ्या वहिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, “आमच्या वन्सं पुस्तकांना नंबर घालतात.” तेही खोटं नाही. पण नंबर घालणं सोपं, अवघड काम हेडिंगचं. पुस्तक कशाविषयी आहे ते एकदोन शब्दांत ठरवायचं, तो शब्द कार्डाच्या माथ्यावर लाल शाईने लिहायचा आणि कार्ड अक्षरवारीने ड्रॉवरमध्ये लावायचं. वाचक मनात एक शब्द घेऊन येतो. त्याचा शब्द आणि आपला शब्द जुळला तर पुस्तक मिळतं. नाही जुळला तर पुस्तक कपाटात असूनही त्याच्या लेखी नाही. यावर उपाय म्हणून आम्ही ‘पाहा-कार्ड’ लावतो. म्हणजे ‘हिवताप – पाहा: मलेरिया’. वाचक चुकीच्या दारात आला तर त्याला बरोबर दार दाखवायचं, एवढंच त्या कार्डाचं काम.

मला नोकरी मिळाली ती अक्षर वळणदार म्हणून. कार्डं हाताने लिहावी लागत. आतल्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोऱ्या कार्डांचे खोके. दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, म्हणून तिच्यावरही खोकेच. कॅटलॉगरने वाचकांशी बोलू नये, ते काम काउंटरचं, असा दंडक होता. दुपारी पुरुष मंडळी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहाला जात. ‘चला मिस कर्णिक’ असं म्हणायची रीत नव्हती, आणि कुणी म्हटलं असतं तर मी गेले नसते, हेही खरं. घरी दादरला भावाचं भरलेलं बिऱ्हाड, तिथे मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर पोचायची. एखादा दिवस असा जाई की ‘येते’ आणि ‘आले’ यापलीकडे माझं तोंड उघडलेलं नसे. मला फार एकटं वाटायचं. त्या वयात हे कुणाला सांगता येत नसे, आता सांगायला लाज वाटत नाही.

ती बाई काही दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा तोच ड्रॉवर, ‘न’चा. पुढे बरंच नंतर मला तिची हकिकत कळली, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? तिचं नाव तावडे. लालबागेत राहायची, तिकडेच म्युनिसिपल शाळेत मास्तरीण. आणि तिच्या नवऱ्याचं लग्न ठरलं होतं. वैशाखात, मालवणकडच्या गावी. घरची बायको लालबागेत जिवंत आणि धडधाकट, नवरा तिकडे बाशिंग बांधणार! आता दुसरं लग्न करता येत नाही, नवा कायदा झालाय, असं तिने कुठेसं ऐकलं होतं. तसं ती नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, “गावात तुझो कायदो येना नाय.” त्या कायद्यात नेमकं काय आहे हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. लालबागेत कुणाला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत चाळभर झालं असतं. म्हणून ती शाळा सुटल्यावर ट्रामने गिरगावात येत होती. इथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक बाई काहीतरी शोधते आहे आणि तिला ते सापडत नाही. एके दिवशी दंडक बाजूला ठेवून मी बाहेर गेले.

“काय हवंय तुम्हाला? मी शोधून देऊ?”

तिच्या तोंडाचा रंगच उतरला. “नाही, काही नाही. सहज बघत होते,” म्हणाली आणि चपला सरकवून चालती झाली. त्यानंतर बरेच दिवस ती फिरकली नाही. मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाचकाशी बोलले, तर वाचक पळाला.

मग मी तो ‘न’चा ड्रॉवर काढून टेबलावर घेतला. आमच्या कामात एक गोष्ट अनुभवाने कळते. लोक ज्या हेडिंगपाशी थांबतात तिथल्या कार्डांच्या वरच्या कडा बोटांनी मळतात. ड्रॉवर वरून पाहिला की काळे-पांढरे पट्टे दिसतात. ‘नाटक’ काळंकुट्ट. ‘नाणेशास्त्र’ आणलं तेव्हा होतं तसं शुभ्र. पण त्या ड्रॉवरमध्ये एक काळा पट्टा असा होता की तिथे तो असायचं काही कारणच नव्हतं. अलीकडे ‘नवरस’, पलीकडे ‘नवरात्र’, दोन्हींच्या कडा मळकट. नवरसांवरचं आमचं एकुलतं एक पुस्तक कुणी नेल्याचं मला स्मरत नव्हतं. नवरात्राची पुस्तकं आश्विनात चार दिवस बाहेर जात, एरवी धूळ खात. मग या दोन कार्डांना बारमाही हात कोण लावत होतं?

या दोघांच्या मधे अक्षरवारीने कोणता शब्द येतो, ते मी मनाशी जुळवलं आणि त्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले. नवरा!

हसू फार टिकलं नाही, कारण तो सगळा मळ एका बाईच्या बोटांचा नव्हता. किती जणी त्या जागी येऊन, दोन कार्डं मागे-पुढे करून, गुपचूप परत गेल्या असतील. आणि पुस्तकं आमच्याकडे होती की! नवा विवाह कायदा, त्याचं सोप्या मराठीतलं विवरण, सगळं होतं. पण पूर्वीच्या कमिटीला शुद्ध मराठीचं वेड. ‘कायदा’ हा शब्द परका म्हणून त्यांनी ही सारी पुस्तकं ‘निर्बंध – विवाहविषयक’ या हेडिंगखाली घातली होती. ‘कायदा’ किंवा ‘लग्न’ पाहणाऱ्याला काहीच मिळत नसे. आणि ती होती त्याच ड्रॉवरमध्ये, वीतभर मागे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलाच प्रकार. फक्त इथे कळसा आम्हीच लपवला होता.

नवं पाहा-कार्ड लावायला कमिटीची मंजुरी लागे. कमिटी शनिवारी बसायची. मानद कार्यवाह अप्पासाहेब वर्तक हे एका सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि चळवळीत आकंठ बुडालेले. त्यांच्या जोडीला एक निवृत्त हेडमास्तर. मिनिट्स लिहायला मी.

“नवरा?” अप्पासाहेबांनी चष्मा काढला. “मिस कर्णिक, हे वाचनालय आहे, वधूवर सूचक मंडळ नव्हे.”

“एकच कार्ड आहे. ‘नवरा – पाहा: निर्बंध, विवाहविषयक’.”

“आज नवरा, उद्या सासू म्हणाल!”

“सासूच्या जागी कडा स्वच्छ आहेत, अप्पासाहेब. मी पाहिलं.”

हेडमास्तर मिशीत हसले. “शास्त्रीय शब्द तरी घ्या. ‘पती’ लावा हवं तर.”

“पतीपाशी कुणी शोधत नाही, सर.”

“बरं, बरं. पुढचा विषय घ्या,” अप्पासाहेब म्हणाले.

पुढचा विषय मुंबई होता. मुंबईवरची पुस्तकं आणि चळवळीची पत्रकं कोणत्या हेडिंगखाली लावायची, यावर आमची कमिटी शनिवारमागून शनिवार भांडत होती. राज्य द्वैभाषिक, सरकारी नाव ‘मुंबई राज्य’. अप्पासाहेबांना पाहा-कार्ड हवं होतं, ‘मुंबई – पाहा: महाराष्ट्र राज्य’. हेडमास्तर ऐकायला तयार नव्हते. बाहेर रस्त्यावरून मोर्चा गेला की बैठक थांबायची, अप्पासाहेब गॅलरीत जाऊन घोषणा देऊन यायचे आणि घाम पुसत पुन्हा वादाला बसायचे. गोळीबाराच्या बातम्या आल्या की दोघेही गप्प व्हायचे. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नव्हती. पण फाल्गुन सरला, पाडवा झाला, आणि दोन कार्डांमधली ती मळकी जागा तशीच होती. ती बाई मधूनच एकदा येऊन गेली. उभी राहिली, ड्रॉवर उघडला, मिटला. आधीपेक्षा वाळलेली दिसली.

त्या शनिवारी हेडमास्तरांनी जोर लावला. “महाराष्ट्र राज्य आज नकाशावर नाही. जे नाहीच, तिथे वाचकाला पाठवायचं? मिस कर्णिक, तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?”

“आंधळं कार्ड,” मी म्हटलं. कार्ड म्हणतं तिकडे पाहा, आणि तिकडे जावं तर काहीच नाही, असं कार्ड. “लावू नये असा नियम आहे.”

अप्पासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “नियम गेला खड्ड्यात! खाली रस्त्यावर जाऊन विचारा, मुंबई कुणाची? लोकांच्या मनात जो शब्द आहे, तो आपल्या कार्डावर नको? वाचकाचा शब्द तोच आपला शब्द! राज्य आज नसेल, उद्या होईल!”

“हे मिनिट्समध्ये घेऊ का, अप्पासाहेब?”

“कोणतं?”

“‘वाचकाचा शब्द तोच आपला शब्द.’ ठराव म्हणून.”

“घ्या! ठळक अक्षरात घ्या!”

हेडमास्तरांनी हात वर केले. मी ठराव लिहिला, शाई टिपली आणि खाली मान घालूनच विचारलं, “मग या ठरावात ‘नवरा’ बसतो ना?”

हेडमास्तर हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. अप्पासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मिनिट्सकडे.

“लावा,” ते म्हणाले. “पण लाल शाईने नको.”

“पाहा-कार्ड काळ्या शाईनेच असतं.”

कार्ड त्याच दिवशी लागलं. पण अर्धंच काम झालं होतं. कार्ड सापडलं, चिठ्ठी लिहिली, तरी पुढे सामंत उभे होतेच. ‘हिंदू विवाह व घटस्फोट, कुणाचं आहे?’ असा पुकारा झाला असता, तर ती गिरगावच काय, मुंबई सोडून गेली असती.

इथे मला चळवळच कामी आली. वाचनकक्षात हल्ली एक नवे गृहस्थ येऊन बसत. दिवसभर एकच वर्तमानपत्र वाचत आणि पायांत पोलिसी बूट. मी अप्पासाहेबांच्या कानावर घातलं. “आपल्याकडे कोण कोणतं पत्रक वाचतं, ते सामंत रोज मोठ्याने सांगतात. त्या गृहस्थांना लिहून घ्यायलाही सोपं जातं.”

अप्पासाहेब ताडकन उठले. दुसऱ्याच दिवशी काउंटरवर पाटी लागली. आजपासून पुस्तकांची नावं पुकारायची नाहीत, फक्त नंबर.

सामंत माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. “तीनशे सत्तेचाळीस. ह्यात अभिनय कसला करायचा, तुम्हीच सांगा.” ते खरोखर हिरमुसले होते. मला त्यांची कीव आली, पण पाटी काही काढली नाही.

चैत्र उतरणीला लागला तेव्हा ती बाई आली. मी काचेआडून पाहत होते. तिने ड्रॉवर ओढला, बोटं सवयीने त्या जागी गेली आणि थांबली. ती कार्डावर वाकली. मान वर करून आजूबाजूला पाहिलं, कुणी चेष्टा केली की काय असं वाटल्यासारखं. मग भराभरा मागची कार्डं चाळली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

“तीनशे सत्तेचाळीस!” सामंत कंटाळलेल्या आवाजात म्हणाले. एकही मान वर झाली नाही.

ती बायकांच्या बाकावर बसून वाचत राहिली. पुढचे काही दिवस रोज आली, तेच पुस्तक, तीच जागा, ओठ हलवत वाचायची. काचेवर टकटक करावी, आत बोलवावं, असं मला फार वाटलं. पण एकदा मी तिला पळवली होती. मी बसून राहिले. मग ती यायची थांबली. वैशाख आला आणि गेला. लग्न झालं की मोडलं, ती कोण, कुठली, यातलं काहीच मला तेव्हा कळलं नाही. आमच्या कामात हे असंच असतं. रस्ता दाखवायचा, माणूस पोचलं की नाही ते कळत नाही.

पुढे राज्य झालं. त्या दिवशी मुंबईत दिवाळी होती. दादा-वहिनी मुलांना घेऊन रोषणाई बघायला निघाले. वहिनीच्या माहेरची मंडळी आली होती, टॅक्सीत जागा नव्हती. “वन्सं, तुम्ही मागून या हं,” वहिनी म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या गर्दीत मागून कुणाच्या मागे जाणार? वाचनालयाला सुट्टी होती आणि एक किल्ली माझ्याकडे असायची. मी गिरगावात गेले. मुंबईचं ते कार्ड आता आंधळं राहिलं नव्हतं, ‘महाराष्ट्र राज्य’ हे हेडिंग लाल शाईने लिहायचं होतं. खाली ढोल, गुलाल, साखर वाटणं चाललेलं, आणि वर मी शाई घोटत बसलेली. मला आनंद झाला होता. तो कुणाला सांगू, ते कळत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. दारात तावडेबाई.

“आज बंद आहे ना? खाली दार उघडं दिसलं.”

“बंदच आहे. या, आत या.”

दुसऱ्या खुर्चीवरचे खोके मी खाली ठेवले. तिने रुमालाची गाठ सोडली, आत शाळेत वाटलेले पेढे होते.

“तुमच्या ड्रॉवरात नवरा सापडला हो मला,” ती म्हणाली आणि हसली. मग तिने सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून बसले आहे.

“आणि ते लग्न?” मी विचारलं.

“मी कोर्टात नाय गेले. एसटीने गावाला गेले, त्या मुलीच्या बापाकडे. म्हटलं, पहिली बायको जिती असताना हे लग्न कायद्यात लग्नच नाही. उद्या तुमच्या मुलीला बायकोचा हक्क मिळायचा नाही. तो म्हणाला, खंय लिवलां हा? मी मास्तरीण ना, कलम पाठच केलेलं. उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. बिचारा चांगला माणूस. आठ दिवसांत सोयरीक मोडली.”

“मग तुमचे मिस्टर?”

“ते नाय परत आले. गावीच असतात. लग्न मोडलं म्हणून मला शिव्या घालतात.” ती पेढ्याचा कागद घड्या घालत राहिली. “तसं सगळं ठीक आहे. पगार आहे, खोली आहे. फक्त शाळेतून आलं की कुलूप मीच काढते, दिवा मीच लावते. बोलायला भिंती.” मग जराशी लाजून म्हणाली, “एक विचारू? एकटीने कसं राहायचं, यावर काही पुस्तक आहे का हो तुमच्याकडे? मी मागे ‘ए’च्या ड्रॉवरात बघितलं होतं. मिळालं नाय.”

मी उठून तो ड्रॉवर काढून आणायची गरज नव्हती. तिथे ‘एकांकिका’ होती, ‘एकादशी’ होती, आणि कडा मळलेल्या होत्या. त्यातला बराच मळ माझ्याच बोटांचा होता.

“नाही,” मी म्हटलं. “मीही शोधलंय.”

आम्ही पेढे खाल्ले, माझ्या डब्यातली पोळी-भाजी अर्धी अर्धी केली. त्या खोलीत मी कुणाबरोबर जेवले ती पहिलीच वेळ. दिवे लागायच्या सुमारास ती गेली. जाताना म्हणाली, “येऊ का मधून मधून?” मी हो म्हटलं. एवढं साधं होतं ते, आणि आम्ही दोघींनी काचेच्या दोन बाजूंना किती काळ घालवला!

ती गेल्यावर मी एक कोरं कार्ड घेतलं. पुस्तक नसेल तर हेडिंग नाही, हा आमचा पहिला नियम. पण वाचकाचा शब्द तोच आपला शब्द, असा ठराव मिनिट्समध्ये होता. मी काळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘एकटी – पाहा: आतली खोली, कॅटलॉगर.’ आणि एकांकिकेच्या आधी लावून टाकलं. कमिटीला विचारलं नाही.

अप्पासाहेबांना ते सापडलं तेव्हा बराच काळ लोटला होता. कार्ड हातात घेऊन ते माझ्या दारात आले. “मिस कर्णिक, हे आंधळं कार्ड आहे.”

“नाही अप्पासाहेब,” मी म्हटलं. “मी असते इथे.”

अप्पासाहेब ते कार्ड परत जागेवर लावून गेले. तोपर्यंत त्याच्या कडेला चांगला रंग चढला होता. बायका येत, बहुधा भलत्याच पुस्तकाचं निमित्त काढून. कुणी पाच मिनिटं बसे, कुणी तासभर. तावडेबाई दर शनिवारी येत, कमिटी उठली की.

पुढे मी नव्या कॅटलॉगरांना शिकवू लागले तेव्हा हे बजावून सांगायची. आंधळं कार्ड लावू नये. लावलंच, तर ज्या जागेकडे बोट दाखवलं तिथे आपण जाऊन बसायची तयारी हवी. मी निवृत्त होईपर्यंत त्या दुसऱ्या खुर्चीवर पुन्हा कधी खोके ठेवले नाहीत.